वास घ्या जरा, सिस्टर

मार्च २०२० च्या आधी आमच्या हॉस्पिटलमध्ये 'इन्फेक्शन कंट्रोल नर्स' म्हणजे काय, तर हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचची माणसं तपासणीला यायची असली की आठ दिवस आधी फायली झटकणारी बाई. ती बाई मी. त्याआधी अकरा वर्षं आयसीयूत काढली होती. कंबर बोलायला लागली तेव्हा मेट्रन मॅडमनी 'जरा बसायचं काम' म्हणून हे टेबल दिलं. हात धुण्याची पोस्टरं लावायची, कुणाला सुई टोचली तर नोंद करायची, ऑपरेशन थिएटरचे स्वॅब लॅबला पाठवायचे. मला येताना पाहिलं की डॉक्टर लोक सॅनिटायझरच्या बाटलीकडे हात न्यायचे, आणि मी पाठ वळवली की तसेच पुढच्या बेडला. त्या बसायच्या कामाने मला पुढे दीड वर्ष खाली टेकू दिलं नाही.

९ मार्चला पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले, दुबईहून परतलेलं जोडपं. ते नायडू हॉस्पिटलात होते, तपासणी आमच्याच गावातल्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, झाली होती, आणि आमच्या स्टोअरमध्ये एन-९५ मास्क होते पस्तीस-चाळीस. तेही टीबीच्या पेशंटसाठी कधीकाळी मागवलेले; निम्म्यांचं इलॅस्टिक ओढलं की तुटत होतं. पीपीई किट नावाची वस्तू नव्हतीच. थिएटरमध्ये 'एचआयव्ही किट' म्हणतात तो गाऊन-टोपी-चष्म्याचा संच असायचा, ते बाहेर काढले. दहा दिवसांत तेही संपले. मग कुणा दात्याने रेनकोट पाठवले, निळे, टोपीवाले. रेनकोट घालून पहिल्या संशयित पेशंटला सलाइन लावणाऱ्या सिस्टरचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. ती हसतेय, आणि तिच्या बाहीच्या टोकातून घाम ठिबकतोय.

एप्रिलात पांढरी किटं यायला लागली, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून, तीन वेगवेगळ्या भावांत. दिसायला सगळी सारखीच. मी एकेक नमुना घेऊन बेसिनवर गेले, बाही खोलगट धरली आणि शिवणीवर तांब्याभर पाणी ओतलं. एकातून पाणी चाळणीतून यावं तसं खाली आलं. कापड चांगलं जाड होतं, नव्वद जीएसएमचं, पण शिवणीवर टेप नव्हती, आणि सुईने पाडलेली भोकं ती भोकंच. दुसऱ्यातून थेंब आले. तिसरं टिकलं. कृत्रिम रक्त दाबाने सोडून कापड तपासण्याची रीतसर चाचणी प्रयोगशाळेत होते हे मला माहीत होतं, पण माझी प्रयोगशाळा म्हणजे तो तांब्या. पर्चेसवाल्यांना बोलावून समोर ओतून दाखवलं. पहिल्याचं बिल आधीच निघालं होतं. ती किटं शेवटी बाहेरच्या गेटवर टेंपरेचर घेणाऱ्यांना दिली. 'निदान ऊन लागणार नाही,' असं त्यांच्यातलाच एक जण म्हणाला.

घालायला शिकवणं सोपं होतं. घालताना माणूस सावध असतो, ताजा असतो, आरशात बघतो, फोटोसुद्धा काढतो. खरा धोका काढताना. सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, चष्म्याच्या आत वाफ जमलेली, नाकाच्या हाडावर मास्कने खाच पाडलेली. अशा वेळी समोर दार दिसलं की माणूस ते किट अंगावरून ओरबाडतो. आणि ज्या पृष्ठभागावर सहा तास पेशंटचा खोकला उडालेला असतो, तो नेमका तेव्हाच हाताला, मानेला, केसांना लागतो.

म्हणून दुसऱ्या मजल्यावरची लिनन रूम रिकामी करून तिथे डॉफिंगची, म्हणजे किट काढायची, खोली केली. जमिनीवर लाल टेपच्या पट्ट्या, एक खुर्ची, भिंतीला पूर्ण उंचीचा आरसा, एक पिवळी बादली, एक लाल, आणि दाराबाहेर स्टुलावर मी किंवा माझ्याऐवजी कुणीतरी, फक्त बघायला आणि ओरडायला. एकेका जणीला सात-आठ मिनिटं लागायची. आधी बसून पायातले कव्हर. मग वरचे ग्लोव्हज, एकाने दुसरा पकडून उलटा. आतल्या ग्लोव्हजवर सॅनिटायझर. मग हनुवटी वर करून, आरशात बघत झिप खाली. टोपी मागे टाकायची, खांदे सोडवायचे, आणि लहान मुलाचा भिजलेला झबला काढतो तशी आतली बाजू बाहेर येईल असं गुंडाळत खाली आणायचं. पुन्हा सॅनिटायझर. चष्मा मागच्या पट्टीला धरून, पुढे झुकून. आणि मास्क सगळ्यात शेवटी, खोलीच्या बाहेर आल्यावर: आधी मानेवरची पट्टी, मग डोक्यावरची, समोरच्या भागाला बोट न लावता. 'हात!' हा शब्द मी त्या खोलीच्या दारात इतक्या वेळा ओरडले की घरी मुलगी जेवायला बसली तरी माझ्या तोंडून तोच निघायचा.

एका हाऊसमनने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, एकदा झिप अर्ध्यावर आणून कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. मी ओरडले. तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि तिथेच खुर्चीत बसून रडायला लागला. आत नुकताच एक पेशंट गेला होता. त्याला मी सांत्वनाचं काही बोलू शकले नाही. 'कपाळ आणि हात धुऊन घे, साबणाने, मी मोजते,' एवढंच म्हणाले आणि मोठ्याने चाळीसपर्यंत आकडे मोजले.

आता मावशींकडे येते, कारण हे सगळं मी लिहायला घेतलं ते त्यांच्यामुळेच.

आमच्या मावशी कंत्राटावरच्या. वय पन्नाशीच्या आसपास, हडपसरहून यायच्या, गोल साडी, वर आकाशी रंगाचा एप्रन, हातात डझनभर हिरव्या काचेच्या बांगड्या. कोविड वॉर्डची सफाई त्यांच्याकडे आली. साडीवर किट चढत नाही, हे मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. निऱ्या पायजम्यात कोंबल्या तर चालता येईना, पदर खोचला तर झिप लागेना. शेवटी थिएटरचा हिरवा शर्ट-पँट दिला. त्या बाथरूममध्ये गेल्या आणि पाऊण तास बाहेर येईनात. मी दार वाजवलं, तर आतून, 'सिस्टर, बाहेर मामा लोक हायेत का?' जन्मात पहिल्यांदा पँट घातली होती बाईने. मामा लोकांना, म्हणजे वॉर्डबॉयना, खाली पिटाळलं तेव्हा त्या बाहेर आल्या, शर्ट दोन्ही हातांनी खाली ओढत.

पण पँट हा सोपा प्रश्न होता. अवघड होत्या बांगड्या. काच ग्लोव्हज फाडते, आणि बांगड्यांखाली साबण नीट पोचत नाही. कोपरापासून खाली हात मोकळा हवा हा आमच्या विषयातला पहिला धडा. मी सहज म्हणून गेले, 'मावशी, बांगड्या काढून या उद्या.' त्यांचा चेहरा बदलला. आपल्याकडे बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि ही सिस्टर भर महामारीत, नवरा घरी दम्याने आजारी असताना, दोन्ही हात रिकामे करायला सांगतेय. दोन दिवस त्या आल्याच नाहीत. मला वाटलं, गेल्या. तिसऱ्या दिवशी आल्या, हात मोकळे, मनगटाला पिवळा दोरा. 'देव्हाऱ्यात ठेवल्यात बांगड्या. देवाला सांगितलंय, ड्यूटी संपली की घेऊन जाईन. तवर तुझ्याकडं सांभाळ.' दोऱ्याबद्दल मी काही बोलले नाही. नियमात तोही बसत नव्हता.

हायपोक्लोराइटचं, म्हणजे जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या औषधाचं, पाणी करणं त्यांच्याकडे. स्टोअरला कॅन यायचा पाच टक्क्यांचा, फरशी आणि बेडचे कठडे पुसायला हवं एक टक्क्याचं. म्हणजे एक मग औषध, चार मग पाणी. हे मी बादलीवर मार्करने रेघा मारून दिलं. मिश्रण रोजचं रोज करायचं, कालचं चालत नाही. लावलं की लगेच पुसायचं नाही, दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं. आणि बाथरूम धुवायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. शेवटचं वाक्य सांगण्याआधीच एका मामाने ते करून पाहिलं होतं, 'डबल पॉवर' म्हणून. अर्धा तास खोकत व्हरांड्यात बसला होता आणि सगळे त्याच्यापासून दहा फूट लांब, कारण त्या दिवसांत खोकला म्हणजे एकच.

मावशींना टक्के कळत नव्हते, पण एक दिवस मग माझ्या टेबलावर आणून ठेवला. 'हे पाणी मेलंय, सिस्टर.' मी म्हटलं, म्हणजे? 'वास न्हाई याला. डोळं चुरचुरत न्हाईत.' मी स्टोअरला जाऊन बघितलं, तर कॅन जनरेटरशेजारी उन्हात रचलेले. हायपोक्लोराइट उन्हाने आणि उष्णतेने मरतं, त्यातल्या क्लोरीनचा जोर जातो, खाली उरतं ते खारट पाणी. आम्ही निदान आठवडाभर खारट पाण्याने आयसीयू पुसत होतो. क्लोरीन मोजायच्या पट्ट्या मी त्याच दिवशी मागवल्या. त्या यायला तीन आठवडे लागले. तोवर आमची पट्टी म्हणजे मावशींचं नाक.

आणि या बाईला मास्क कुठला, तर तीन पदरी साधा. एन-९५ डॉक्टरांना आणि सिस्टरांना, असं वरून ठरलं होतं. कारण लेखी होतं: सफाई कर्मचारी रुग्णाला थेट स्पर्श करत नाहीत. स्पर्श! त्या वॉर्डात आमच्यापेक्षा जास्त वेळ असायच्या, पेशंट ज्या बाथरूममध्ये खोकायचा ते धुवायच्या, जंतू लागलेल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांची गाठ मारायच्या. आणि गाठ मारताना पिशवीतली हवा भस्सकन तोंडावर येते, हे ज्याने कधी मारली नाही त्याला कसं कळणार? मी दोनदा लिहून दिलं. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा मला सांगण्यात आलं की साठा मर्यादित आहे आणि मी भावनिक होते आहे. शेवटी जुनी युक्ती केली. आमच्या प्रत्येकीला पाच मास्क मिळायचे, कागदी पाकिटावर नाव आणि वार घालून आळीपाळीने वापरायचे, म्हणजे एकदा वापरलेला पुन्हा पाच दिवसांनी हातात येतो. आम्ही चौघींनी चारावर भागवलं आणि एकेक मावशींना दिला. हे नियमाबाहेर होतं आणि ते करणारी मी, नियमांची राखणदार.

नवा मास्क घालून मावशी वॉर्डात गेल्या आणि अर्ध्या तासात वैतागून परत. 'ह्यो बी खोटा निघाला. घातला तरी औषधाचा वास येतोय.' हा प्रश्न मला नंतर डॉक्टरांनीसुद्धा विचारला, म्हणून सांगते. एन-९५ कण अडवतो, वायू नाही. त्याचा मधला थर विजेचा भार दिलेल्या बारीक तंतूंचा असतो, त्यात ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा शंभरातले निदान पंच्याण्णव अडकतात. पण क्लोरीनचा रेणू त्यातून सहज जातो. वास आला म्हणजे मास्क खोटा असं नाही. मास्क खोटा कधी, तर श्वास सोडल्यावर कडेने गालावर किंवा डोळ्यांत हवा लागली तर. म्हणूनच दाढीवाल्या ब्रदर लोकांना मी दाढ्या काढायला लावल्या. आणि म्हणूनच मास्क धुवायचा नाही, स्पिरिट फवारायचं नाही. तो भारच निघून जातो. एका सीनियर सरांनी आपला मास्क घरी डेटॉलमध्ये भिजवून, वाळवून, घडी घालून आणला होता.

त्या महिन्यांत आम्ही काय काय केलं, त्याची यादी वाचली तर आज हसू येतं. गेटवर कुणीतरी देणगी म्हणून सॅनिटायझर टनेल बसवून दिला होता, आत शिरलं की अंगावर फवारा. १८ एप्रिलला केंद्राने माणसांवर असं काही फवारू नका म्हणून सांगितलं, तेव्हा तो बंद झाला. पुढे कितीतरी दिवस त्यात सायकली लावायचे. केसपेपर इस्त्रीखालून काढायचो. दर रविवारी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी, आयसीएमआरने सांगितलेली. एकीची छाती धडधडायला लागली तेव्हा ईसीजी काढून तिची थांबवली. थाळ्या वाजल्या, दिवे लागले, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून फुलं पडली, आमच्यावर नाही, मोठ्या हॉस्पिटलांवर. २२ एप्रिलला वटहुकूम निघाला, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलला तर पाच वर्षांपर्यंत कैद, १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करून. तो कायदा आला प्लेगच्या वर्षी, आणि प्लेगच्या त्या वर्षाची पुण्याला वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. आमच्या सोसायटीत मात्र हात कुणी उचलला नाही. फक्त लिफ्टमध्ये कागद लागला: 'वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी जिना वापरावा ही विनंती.' चार मजले. कंबर तीच.

आणि एवढं सगळं करून आमच्याकडे साथ शिरली ती आयसीयूतून शिरलीच नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डायलिसिसची एक सिस्टर पॉझिटिव्ह आली. डायलिसिस हा नॉन-कोविड भाग. आता इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. १५ मे रोजी केंद्राचं पत्रक आलं होतं: कोविड ड्यूटी केली म्हणून सरसकट चौदा दिवस विलगीकरण यापुढे नाही, संसर्ग नियंत्रण समितीने प्रत्येकाचा संपर्क तपासायचा, जोखीम जास्त असेल तर घरी, कमी असेल तर कामावर. समिती म्हणजे कागदावर सात जण. प्रत्यक्षात फॉर्म घेऊन फिरणारी मी. फॉर्मवर प्रश्न होते: रुग्णाजवळ किती वेळ होतात? मास्क होता? ग्लोव्हज? एरोसॉल, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक तुषार, उडणारी प्रक्रिया झाली का? या सिस्टरबरोबर ड्यूटी केलेल्या सहा जणींना मी हेच विचारलं. सगळ्यांनी मास्क घातलेला होता. सहाही 'कमी जोखीम'. सही केली, कामावर पाठवलं. मनुष्यबळ कमी होतं, आणि खरं सांगायचं तर सही करताना मला बरंही वाटलं होतं की कुणाची ड्यूटी मोडावी लागली नाही.

चौथ्या दिवशी त्यातल्या दोघींना ताप. सहाव्या दिवशी आणखी एकीला, एका टेक्निशियनला आणि मावशींना. मावशी तर डायलिसिसला जातच नव्हत्या.

मी ड्यूटी रजिस्टर काढलं, आडवे कागद जोडून तक्ता केला: नाव, पाळी, वॉर्ड, लक्षणाची तारीख. वॉर्डाने काहीच जुळेना. पेशंटने जुळेना. रात्री साडेअकराला तशीच त्या तक्त्याकडे बघत बसले होते तेव्हा नाइटची एक मल्याळी सिस्टर आत डोकावली आणि म्हणाली, 'सिस्टर, ये सब तो अपना लंच गँग है.'

दुसऱ्या मजल्यावर आमची चेंजिंग रूम. दहा बाय बारा, सहा लॉकर, एक टेबल, एक बाक, एक स्प्लिट एसी. खिडकी होती, पण दोन वर्षांपूर्वी कबुतरांनी उच्छाद मांडला म्हणून तिच्यावर प्लायवूड ठोकलेलं. तिथे दुपारी दीडला आठ-नऊ जणी जेवायच्या. मास्क काढून, टेबलाभोवती गुडघ्याला गुडघा लावून, एकमेकींच्या डब्यातली भाजी चाखत, एकाच बरणीतलं कैरीचं लोणचं घेत, आणि मुख्य म्हणजे बोलत, हसत. सहा तास तोंड बंद ठेवलेल्या बायका तिथे येऊन मोकळ्या व्हायच्या. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आहे तीच गार करून फिरवतो. मावशी त्यांच्याबरोबर जेवायला बसत नसत. आमच्याकडे अजून तसं होत नाही. सगळ्यांचं झालं की त्या आत जाऊन टेबल पुसायच्या आणि मग तिथेच, दार लावून, मास्क काढून, आपली भाकरी खायच्या. म्हणजे नऊ जणींनी तासभर सोडलेल्या हवेत.

माझ्या फॉर्मवर जेवणाचा प्रश्नच नव्हता. पेशंटपासून आपल्याला धोका, एवढंच त्या कागदाला माहीत होतं, आणि मलाही. पेशंटजवळ जाताना आम्ही चंद्रावर निघाल्यासारख्या जायचो आणि मैत्रिणीजवळ बसताना तोंडावरचा मास्क लॉकरच्या खिळ्याला टांगायचो. आपल्या माणसाची भीती वाटत नाही ना. पुढे जुलैत दोनशेहून जास्त शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला पत्र लिहिलं की हा विषाणू हवेतून पसरतो हे मान्य करा, आणि संघटनाही हळूहळू त्या दिशेने सरकली. आम्हाला ते जूनमध्ये नऊ डब्यांनी शिकवलं होतं, पण त्याला 'हवेतून' म्हणायचं धाडस माझ्या अहवालात मी केलं नाही. 'विश्रांतीच्या जागेतील निकट संपर्क' असं लिहिलं.

बदल केले ते साधेच. सुताराला बोलावून प्लायवूड काढलं आणि जाळी लावली. एसीचा रिमोट मी माझ्या कपाटात ठेवला. वर एक्झॉस्ट पंखा. चेंजिंग रूममध्ये एका वेळी दोघीच, तेही कपडे बदलायला. जेवण गच्चीवर, ताडपत्रीखाली. पावसाळा सुरू झाला होता, झड आली की डबे भिजायचे. खुर्च्या लांब लांब, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, शाळेच्या वर्गासारखी. पहिल्या दिवशी पर्वतीकडे तोंड करून आठ बायका मुकाट्याने जेवताना बघून मला कसंतरीच झालं. एकीने मागे न बघताच विचारलं, 'लोणचं पाहिजे का कुणाला?' आणि कुणीच उत्तर दिलं नाही. लोणच्याने काही होत नाही हे मी त्यांना सांगितलं होतं. तरी ती बरणी परत कुणी आणली नाही.

मला पुढचे तीन-चार महिने स्टाफमध्ये फार कुणी जवळ केलं नाही. 'आली पोलीस' असं मागून ऐकू यायचं. ज्या सिस्टरला मी 'कमी जोखीम' म्हणून कामावर पाठवलं होतं, तिच्या सासऱ्यांना ऑक्सिजन लागला, बारा दिवस. ते बरे होऊन घरी गेले. तिने मला कधी काही म्हटलं नाही. पण समोरून येताना दिसली की जिन्याची बाजू बदलायची. फॉर्ममध्ये मी स्वतःच्या हाताने पाचवा प्रश्न वाढवला, 'कुणाबरोबर जेवलात?' आणि लोक त्याला खोटं उत्तर द्यायला लागले. मग फॉर्म बाजूला ठेवून मी गच्चीवरच जाऊन बसायला लागले. तिथे खरं कळायचं.

एन-९५ सगळ्यांना, मावशी आणि मामा लोकांसकट, हा हुकूम जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघाला. त्यासाठी पाच माणसं पडावी लागली. त्याच महिन्यात झडपवाले एन-९५ वापरू नका असं केंद्राचं पत्र आलं, कारण झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो. आणि आमच्या नव्या साठ्यातले अर्धे नेमके झडपवाले. पुन्हा पर्चेस, पुन्हा भांडण. ते लिहीत नाही.

मावशी सतरा दिवसांनी परत आल्या. किलोभर तरी उतरल्या होत्या, पण हातात बांगड्या होत्या. क्वारंटाइनहून घरी गेल्या गेल्या देव्हाऱ्यातून घेतल्या म्हणाल्या, 'आता ड्यूटीला येताना परत ठेवीन.' कंत्राटदाराने सतरा दिवसांचा पगार कापला होता. तो मिळवायला मला नऊ पत्रं लागली. त्यात उपयोगी पडलं ते माझं डॉफिंगचं रजिस्टर. त्यांच्या हजेरीपटावर 'हाऊसकीपिंग, सामान्य' असं होतं, पण माझ्या वहीत रोज वेळेसकट त्यांची सही होती, कोविड वॉर्डातून बाहेर पडतानाची. ते एक अक्षर, इंग्रजी एससारखं, खाली रेघ.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचाऱ्यांचं. आमचा नंबर दुसऱ्या आठवड्यात लागला. लस आमच्याच गावात, मांजरीत बनलेली, मावशींच्या घरापासून काही अंतरावर. यादीत त्यांचं नाव नव्हतं, कंत्राटी म्हणून. ते घालून घेतलं. टोचताना त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि नंतर अर्धा तास बसवलेल्या खोलीत सगळ्या डॉक्टरांच्या मध्ये खुर्चीवर बसल्या, पदर नीट करत. खिडक्या उघड्या आहेत का, हे त्यांनीच आधी पाहिलं.

क्लोरीनच्या पट्ट्या आता स्टोअरला भरपूर आहेत. बुडवायची, रंग जुळवायचा, लिहायचं. तरी मावशी दर सकाळी मग घेऊन माझ्या टेबलाशी येतात. आजारपणात त्यांचा वास गेला. चहाचा वर्षभराने परत आला, फोडणीचा थोडा थोडा येतो, पण या पाण्याचा अजून नाही. पट्टी निळीजांभळी झालेली असते, त्यांनीच दाखवलेली असते. मग पुढे सरकवतात आणि म्हणतात, 'ते कागदाचं जाऊ द्या. वास घ्या जरा, सिस्टर.'

मी मास्क खाली न करताच वाकते. डोळे चुरचुरतात. 'जिवंत आहे,' म्हणते, आणि त्या बादली उचलतात.